हाक मारली तरी वळून बघत नाही

ताई, माझा मुलगा नऊ महिन्यांचा आहे. खेळकर आहे, तब्येत छान आहे. पण हाक मारली की वळून बघेलच असं नाही. ‘सोन्या’ म्हणा, ‘पिल्लू’ म्हणा, ‘बबड्या’ म्हणा, ‘राजा’ म्हणा, लक्ष गेलं तर गेलं, नाहीतर स्वारी आपल्याच नादात. सासूबाई म्हणतात, ‘ताटली पडली की केवढा दचकतो, कान ठणठणीत आहेत त्याचे.’ घरात दोन भाषा आहेत. मी मराठी बोलते, सासरची माणसं त्यांची भाषा बोलतात. त्यामुळे तो गोंधळलाय, असं माझ्या आईचं मत. पहिल्या वर्षात मूल जगातली कुठलीही भाषा टिपून घेतं असं नवऱ्याने कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून तो रोज तासभर परदेशी भाषेतले बाळांचे व्हिडिओ लावून देतो. बाळ टक लावून बघतं. शिवाय टीव्ही दिवसभर चालू असतोच. मी त्याच्याशी लाडंलाडं बोलते, तर नणंद म्हणते, ‘असं बोललीस तर तोही बोबडाच होईल.’ आणि चार वर्षांची मोठी लेक? तिला दहा हाका मारल्या तरी ऐकू जात नाही. या घरात माझं कुणालाच ऐकू येत नाही, असं वाटायला लागलंय. काळजी करू की नको?
– तुमची एक वाचक

पत्र वाचता वाचता मी बाळाची नावं मोजली. चार निघाली, आणि त्यात त्याचं खरं नाव नव्हतंच. घरातल्या इतरांची लाडाची नावं आणखी वेगळी असणार, आणि तीही बहुधा दोन भाषांतली. साडेचार महिन्यांची बाळं स्वतःचं नाव इतर नावांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतात, असं १९९५ साली एका प्रयोगात दिसलं होतं. तेवढाच ठेका असलेलं दुसरं नाव ऐकवलं, तरी कल स्वतःच्याच नावाकडे. पण याचा अर्थ ‘हा मी’ असं त्यांना उमगलेलं असतं असा नाही. दिवसातून कितीदा तरी कानावर पडणारा एक आवाज त्यांच्या ओळखीचा झालेला असतो, एवढंच. तोच आवाज दहा नावांत वाटला गेला, तर ओळख व्हायला वेळ लागणारच. शिवाय नाव ओळखणं वेगळं आणि हातातला डबा आपटणं सोडून मान वळवणं वेगळं. हाकेला बऱ्यापैकी भरवशाने वळणं साधारण नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान येतं. तुमचं बाळ त्या उंबरठ्यावर आहे.

तेव्हा पुढचे काही आठवडे घरातल्या सगळ्यांनी मिळून एकच नाव ठरवा. कुठलं ते तुमचं तुम्ही बघा, ‘बबड्या’लाही माझी हरकत नाही. दुसरं म्हणजे ‘बघू या वळतो का’ म्हणून उगाच हाका मारू नका. हाक मारली, त्याने बघितलं आणि पुढे काहीच घडलं नाही, असं दिवसातून वीसदा झालं की त्या हाकेत त्याच्यासाठी काही उरत नाही. वळला, तर त्याच्यासाठी काहीतरी असू द्या: तुमचा चेहरा, एखादी गंमत, उचलून घेणं.

आता काळजीचं. काळजी नको, पण तपासणी हवी. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दुसरी केली की पहिली आपोआप कमी होते.

सासूबाईंचं निरीक्षण खरं आहे, त्यांचा निष्कर्ष मात्र घाईचा आहे. ताटली पडते तेव्हा होणारा आवाज प्रचंड मोठा असतो आणि त्यात खालच्या-वरच्या सगळ्या पट्ट्या मिसळलेल्या असतात. बोलणं तसं नसतं. आ, ओ, ऊ हे स्वर जोरकस आणि खालच्या पट्टीतले. स, श, फ यांची फुसफुस हळू आणि वरच्या पट्टीतली. वरच्या पट्टीचं ऐकू कमी येणारं मूल दार आपटलं की दचकतं, मोठ्याने बोललं की बघतं, आणि बोलण्यातली निम्मी व्यंजनं त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. घरातल्या कुणाच्या हे लक्षातही येत नाही. टाळ्या, खुळखुळे, भांडी यांवरून कानाची परीक्षा होत नाही ती म्हणूनच.

दुसरी शक्यता फार साधी आणि फार नेहमीची आहे. सर्दी होऊन गेल्यावर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून राहतं. दुखत नाही, तापही नसतो, पण बाळाला सगळं कानात बोटं घातल्यासारखं ऐकू येतं. आज बरं, उद्या कमी, असंही चालतं. ‘लक्ष गेलं तर गेलं’ हे तुमचं वर्णन वाचून मला हीही शंका आली. जन्मानंतर कानाची तपासणी झाली असेल आणि ठीक निघाली असेल तर उत्तमच, पण ती त्या दिवसापुरती होती. नंतर सुरू झालेला दोष तिच्यात दिसत नाही.

पत्रात तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही, ती मला सगळ्यात आधी विचारायची होती: तो काय काय आवाज काढतो? ‘आऽऽ’, ‘ऊऽऽ’, किंचाळणं हे नव्हे. ‘बाबाबा’, ‘दादादा’, ‘ममम’ अशी व्यंजन आणि स्वर जोडलेली अक्षरं येतात का? दहा महिन्यांपर्यंत ती यायला हवीत. ऐकू न येणारी बाळंही सुरुवातीचे महिने इतरांसारखीच हुंकार भरतात, म्हणून आई-वडील निर्धास्त राहतात. फरक पडतो तो या ठसठशीत अक्षरांच्या वेळी. ती त्यांच्यात बरीच उशिरा येतात. आणखी एक बघा: तो तुमच्या डोळ्यांत बघून हसतो का, तुमचं हसू परत करतो का? हे सगळं असेल तर माझा जीव बराचसा भांड्यात पडेल. वर्षाचा झाला तरी हाकेला कधीच वळत नाही, नजरेला नजर देत नाही, हातवारे करत नाही असं दिसलं, तर कान चांगले निघाले तरी बालरोगतज्ज्ञांकडे त्याच्या एकूण विकासाबद्दल बोला. आणि येत असलेले आवाज बंद झाले, तर वर्षाची वाट बघू नका.

एवढं झालं की उरलेलं पत्र मला जास्त आवडलं, कारण त्यात प्रत्येकाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

नवऱ्यापासून सुरू करते. त्यांनी वाचलं ते खोटं नाही. गर्भाचा कान साधारण सहाव्या महिन्यापासून काम करायला लागतो. आत पोचतं ते मुख्यतः खालच्या पट्टीतलं, म्हणजे शब्द नव्हेत, तर बोलण्याची लय आणि चढउतार. भिंतीपलीकडचं संभाषण ऐकावं तसं. १९८०च्या एका प्रयोगात तीन दिवसांच्या आतली बाळं चोखणी चोखण्याची लय बदलून परक्या बाईऐवजी आपल्या आईचा आवाज ‘लावून घेत’ होती. चार दिवसांची फ्रेंच बाळं फ्रेंच आणि रशियन बोलण्यातला फरक ओळखतात, हे १९८८ साली दिसलं. त्याआधी, १९७१ साली, पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी एक आणि चार महिन्यांच्या बाळांना ‘ब’ आणि ‘प’ वेगळे ऐकू येतात, आणि तेही मोठ्यांना येतात तसेच, हे याच चोखणीच्या युक्तीने दाखवलं होतं. तोंडात एक अक्षर नाही, पण कानात वर्णमालेची तयारी सुरू.

यातला मराठी माणसाने ऐकावाच असा भाग पुढे आहे. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. आपल्याला हा फरक इतका ढळढळीत वाटतो, की तो ऐकू न येणारा माणूस असेल हेच पटत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना तो नीट लागत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक इंग्रजी बाळांना मात्र तो सहज लागला. दहा ते बारा महिन्यांच्या गटात तो पकडणारी बाळं थोडीच उरली होती. त्यांचे कान बिघडले नव्हते. घरात जे फरक कामाचे नव्हते त्यांवर लक्ष देणं त्यांनी सोडलं होतं आणि जे कामाचे त्यांत ती तरबेज होत होती. तुमच्या बाळाचा कान आत्ता नेमका याच टप्प्यावर आहे: सगळ्यांचं ऐकणारा कान घरच्यांचा होतो आहे.

म्हणजे नवऱ्याचा हिशेब बरोबर: वेळ हीच. चुकलं ते साधन. सिअ‍ॅटलमध्ये पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली जवळपास हाच घरगुती प्रयोग शिस्तीत करून पाहिला. नऊ महिन्यांची अमेरिकी बाळं घेतली. काहींशी मँडरिन ही चिनी भाषा बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं वाचत बसली, एकूण बारा वेळा, दर वेळी पंचवीस मिनिटं. इतरांना त्याच माणसांचं तेच बोलणं पडद्यावर दाखवलं किंवा नुसतं ऐकवलं. समोर माणूस असलेल्या बाळांना मँडरिनमधला अवघड फरक ऐकू यायला लागला. पडदा बघणाऱ्यांना काहीही लागलं नाही. ज्यांनी मँडरिन कधी ऐकलंच नव्हतं त्यांच्यात आणि यांच्यात फरक नव्हता.

‘पण तो टक लावून बघतो ना!’ असं नवरा म्हणेल. बघतोच. हलतं, चमचमतं, रंग बदलतं ते कुठलंही बाळ टक लावून बघेल. डोळे खिळले म्हणजे कान शिकतायत असं नाही, हे आपण मोठी माणसं स्वतःवरून जाणतो. आणि दोष काचेचाही नाही. २०१४ साली दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला. व्हिडिओ कॉलवर समोरची व्यक्ती त्यांना उत्तर देत होती तेव्हा मुलं नवे शब्द समोरासमोर शिकावेत तितके शिकली. आधीच चित्रित केलेल्या व्हिडिओतून नाही. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. बाळाचं लक्ष त्याच्याकडे लक्ष असलेल्या आवाजाकडे जातं. आपण ‘बा’ म्हटलं आणि पलीकडून काही आलं, हे कळलं की तो आवाज ऐकण्याजोगा ठरतो. व्हिडिओ कितीही गोड बोलला तरी बाळाच्या ‘बा’ला तो उत्तर देत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची शिफारस आहे, ती वेगळी. नवऱ्याला म्हणा, तो तास तसाच राहू दे, फक्त पडद्याच्या जागी तुम्ही बसा आणि तुमच्या भाषेत बोला. त्यांच्या घरची भाषा बाळासाठी कुठल्याही परदेशी भाषेपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाची आहे.

त्यातून आईची शंकाही निकालात निघते. दोन भाषांनी बाळ गोंधळत नाही. वर सांगितलेली लय आठवा. गरोदरपणात आई दोन भाषा बोलत असेल, तर जन्मलेलं बाळ दोन्हींना ओळखीच्या मानतं आणि तरी त्यांच्यातला फरक त्याला कळतो. पुढे बोलायला लागल्यावर एकेका भाषेतले शब्द मोजाल तर कमी वाटतील. दोन्हीकडचे मिळून मोजा. मिसळून बोलेल, बोलू द्या, मोठी माणसंही तेच करतात. फक्त उलटं करू नका: उद्या कुणी ‘बोलायला उशीर होतोय, एक भाषा बंद करा’ म्हणालं, तर ऐकू नका. एक भाषा काढून घेतल्याने दुसरी सुधारते असं नाही. घरातली निम्मी माणसं मात्र बाळाशी बोलायची थांबतात.

टीव्हीबद्दल मी जरा कडक आहे. तो कुणी बघत नाही, नुसता चालू असतो, म्हणून निरुपद्रवी वाटतो. गोंगाटात एक आवाज धरून ठेवणं ही आपल्याला इतकी सवयीची कसरत आहे, की ती कसरत आहे हेच आपण विसरलोय. भरलेल्या खोलीत पाच जण बोलत असताना आपण एकाचंच ऐकू शकतो. बाळाला ते येत नाही. रोशेल न्यूमन यांनी २००५ साली हे मोजून पाहिलं. मागे इतर माणसांची बडबड असताना बाळाला स्वतःचं नाव ओळखू येतं का? पाच आणि नऊ महिन्यांच्या बाळांना आलं, पण हाक मागच्या बडबडीपेक्षा दहा डेसिबलने मोठी असेल तरच. दहा डेसिबल म्हणजे ऐकणाऱ्याला जवळजवळ दुप्पट मोठा वाटणारा आवाज. फरक पाच डेसिबलवर आणला, तर ते जमलं तेरा महिन्यांच्या बाळांनाच. आता तुमचं घर डोळ्यांपुढे आणा. टीव्हीवरची माणसं बोलतायत आणि तुम्ही पलीकडून नेहमीच्या आवाजात ‘पिल्लू’ म्हणताय. त्याच्या कानाला ती हाक टीव्हीपासून सोडवून घेता येत नसेल, इतकं साधं कारण असू शकतं. बंद करून बघा. अगदी उद्या सकाळी बंद करा आणि दोन हातांवरून, त्याच्या नजरेच्या पातळीवर येऊन हाक मारा.

टीव्हीचं दुसरं नुकसान आवाजाचं नाही, आपलं आहे. तो चालू असताना मोठी माणसं बाळाशी कमी बोलतात. २००९ साली मुलांच्या अंगावर दिवसभर ध्वनिमुद्रण करणारं छोटं यंत्र ठेवून हे मोजलं गेलं. टीव्ही ऐकू येत असलेल्या दर तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे ७७० ने कमी भरले. तुम्ही म्हणाल, टीव्हीतले शब्द पडतात की! ते धरायचे नसतात. घरात इतरांचं आपापसात चालणारं बोलणंही बाळाच्या शब्दसाठ्याच्या दृष्टीने फारसं धरता येत नाही. २०१३ साली स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांत एकोणीस महिन्यांच्या मुलांचा पूर्ण दिवस मुद्रित केला. मुलाला उद्देशून बोललेले शब्द एका घरात १२,००० च्या वर आणि दुसऱ्या एका घरात ६७०! पुढे दोन वर्षांचं असताना कुणाकडे किती शब्द आहेत याचा संबंध होता तो त्याला उद्देशून बोललेल्या शब्दांशी, नुसत्या कानावर पडलेल्यांशी नव्हे. आकडे वाचून लगेच शब्द मोजायला बसू नका. काहीजणी धावतं समालोचन सुरू करतात: ‘आता आई दार उघडतेय, आता आई चप्पल घालतेय.’ बाळ कंटाळतं, आईचा घसा बसतो. त्यापेक्षा थांबा. त्याने आवाज काढला की लगेच उत्तर द्या, जवळ जा, हात लावा, मग पुन्हा त्याची पाळी येऊ द्या. आठ महिन्यांच्या बाळांच्या आयांना प्रयोगात एवढंच करायला सांगितलं होतं, बाळाने आवाज काढताक्षणी हसा आणि स्पर्श करा. तेवढ्या बैठकीतच त्या बाळांचे आवाज जास्त स्पष्ट, जास्त अक्षरांसारखे झाले. दुसऱ्या गटातल्या बाळांनाही तितकंच हसू आणि तितकेच स्पर्श मिळाले, फक्त त्यांच्या आवाजाशी मेळ न साधता. त्यांच्यात फरक पडला नाही.

आणि आता नणंदबाई. त्यांना म्हणा, लाडंलाडं बोलणं आणि बोबडं बोलणं यांत घोटाळा करू नका.

लाडंलाडं बोलणं म्हणजे आवाज वर चढतो, हेल लांब जातात, वाक्यं लहान होतात, मध्ये थांबे येतात. बाळांना हे आवडतं. नवजात बाळांनाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रचंड अभ्यासात ६७ प्रयोगशाळांनी मिळून हे पुन्हा तपासलं आणि ते खरं निघालं. यात नुसती माया नसते. १९९७ साली अमेरिकी, रशियन आणि स्वीडिश आयांचं बोलणं तपासलं, तेव्हा बाळाशी बोलताना त्या आ, ई, ऊ हे स्वर ताणून एकमेकांपासून लांब नेतात असं दिसलं, म्हणजे प्रत्येक स्वर जास्त ठळक. आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: २००२ साली कुणीतरी बायकांचं बाळाशी बोलणं आणि मांजर-कुत्र्याशी बोलणं शेजारी ठेवून पाहिलं. पट्टी दोन्हीकडे चढते, माया दोन्हीकडे असते. स्वर मात्र फक्त बाळासाठी ताणले जातात. मनीला काही शिकायचं नाही, हे आपल्या जिभेला आपल्या नकळत ठाऊक असतं!

बोलण्यात शब्दांच्या मध्ये रिकामी जागा नसते, ती फक्त लिहिण्यात असते. अनोळखी भाषा ऐकताना हे आपल्याला जाणवतं. बाळाला ‘चेंडूकुठेगेला’ असा एक सलग धागा ऐकू येतो आणि तो त्याला तोडायचा असतो. हे काम बाळं थक्क करण्याइतकी चांगली करतात. १९९६च्या प्रयोगात आठ महिन्यांच्या बाळांनी अर्थहीन अक्षरांची सलग माळ दोन मिनिटं ऐकली आणि कुठली अक्षरं एकमेकांमागे नेहमी येतात, कुठली क्वचित, यावरून ‘शब्द’ वेगळे काढले. आपण त्यात मदत करतो. तुम्ही स्वतःचं बोलणं एकदा ऐका. मोठ्या माणसाला आपण विचारतो, ‘चेंडू कुठे गेला?’ बाळाला म्हणतो, ‘कुठे गेला चेंडू? हा बघ चेंडू! चेंडूऽ!’ मराठीत क्रियापद शेवटी यायचं, ते बाजूला सारून आपण नाव शेवटी नेतो, कारण वाक्याच्या टोकाला असलेला शब्द बाळाला उचलायला सोपा जातो. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. ‘भूभू’, ‘चिऊ’, ‘जोजो’ असे शब्दही बिनदिक्कत वापरा. इंग्रजी बोलणाऱ्या घरांत एडिनबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली पाहिलं, की असे अक्षर दुमडलेले शब्द ज्या बाळांच्या कानावर जास्त पडले, त्यांचा शब्दसाठा नऊ ते एकवीस महिन्यांदरम्यान जास्त वेगाने वाढला.

बोबडं बोलणं म्हणजे ‘सोन्या’चं ‘छोन्या’ आणि ‘कुठे’चं ‘कुथे’. नणंदेचा मुद्दा इथे थोडा लागू आहे. ज्या वयात त्याचा कान ‘ट’ आणि ‘त’ यांच्या सीमा पक्क्या करतोय, त्या वयात त्याला दोन्ही स्वच्छ ऐकू यावेत. कधी लाडात ‘छोनं’ निघालं तर आकाश कोसळत नाही, पण नेहमीचा शब्द नेहमीच्याच उच्चारात असू द्या. सूर लाडाचा, अक्षर स्वच्छ. आणि बोलताना त्याला तुमचं तोंड दिसू द्या. चार महिन्यांचं बाळ बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघतं. आठ महिन्यांच्या आसपास त्याची नजर खाली ओठांवर उतरते, कारण ते आता आवाज कसा काढतात हेही बघायला लागलेलं असतं. पाठमोऱ्या हाकेत त्याला निम्मंच मिळतं.

लेकीबद्दल थोडक्यात, कारण तिचं दुखणं फार निराळं नाही. चार वर्षांच्या मुलीला दोन गोष्टींवर एकदम कान ठेवता येत नाही. ती खेळात असेल तर तुमची दुसऱ्या खोलीतून आलेली हाक तिच्यासाठी पार्श्वसंगीत असते. गोंगाटातून बोलणं वेगळं काढण्याची ताकद शाळेच्या वयातही वाढतच राहते. दहा हाकांऐवजी एकदा जवळ जा, खांद्याला हात लावा, तिने बघितल्यावर बोला, आणि एका वेळी एकच काम सांगा. आणखी एक. तुम्ही रागात ‘वा, छान! अजून सांड पाणी!’ असं म्हणत असाल, तर सांडेल. मोठा माणूस शब्द आणि सूर यांत विसंगती आली की सुरावर विश्वास ठेवतो. या वयाची मुलं शब्दांवर ठेवतात, हे २००१च्या एका अभ्यासात स्पष्ट दिसलं होतं. तिने न ऐकल्यासारखं केलं नाही, तुम्ही म्हणालात तेच केलं. तिला सतत मोठ्याने टीव्ही लागत असेल, ‘काय?’ ‘काय?’ असं विचारत असेल किंवा वरचेवर सर्दी होत असेल, तर भावाबरोबर तिचेही कान तपासून घ्या.

तपासणीला जाताना काय होईल ते सांगते, म्हणजे धास्ती नको. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ, कानात छोटी बोंडं घालून एक झटपट तपासणी करतील, त्यात बाळाला काही करावं लागत नाही. पडद्यामागे पाणी आहे का तेही अशाच एका बोंडाने कळतं. या वयात एक खेळही घेतात: बाळ तुमच्या मांडीवर, बाजूने आवाज येतो, त्याने तिकडे मान वळवली की एक खेळणं उजळून नाचायला लागतं. ‘ट’ आणि ‘त’च्या त्या प्रयोगात नेमकी हीच युक्ती वापरली होती. यासाठी तो जागा, ताजातवाना आणि पोट भरलेला हवा. ‘बेरा’ ही तपासणी लिहून दिली, तर उलट तो झोपलेला लागतो, कारण डोक्याला चिकटवलेल्या तारांतून मेंदूची नोंद घेताना हालचाल चालत नाही. तेव्हा वेळ ठरवताना आधी विचारा कुठली तपासणी आहे. झोपेतली असेल, तर जाताना वाटेत त्याला झोपू देऊ नका, नाहीतर तिथे पोचल्यावर टक्क जागा होतो. झोपेचं औषध देणार असतील, तर खाण्यापिण्याचं ते सांगतील तसंच पाळा. आणि खेळाच्या तपासणीत तुम्हाला मधूनच वाटेल, की त्याला हलकेच सुचवावं, कोपराने ढोसावं, ‘तिकडे बघ ना’ म्हणावं. तसं करू नका, हात सैल सोडून बसा आणि तोच वळतो का ते बघा. निकाल काय आला ते मला नक्की लिहा, आणि शेवटी नाव कुठलं ठरलं तेही.